बारा नंबरच्या गल्लीतला नारळ

"ती मॅडम? ती काय बोलत नाय. नुसती बघते."

रॅकच्या पलीकडून आवाज आला आणि मी होते तिथेच थांबले. हातात चहाचा कागदी कप, गळ्यात ओळखपत्र, डोक्यावर एका मापाने मोठं हेल्मेट. बोलत होते जनार्दन घरत, आमच्या गोदामाचे सुपरवायझर. सगळे त्यांना जनादादा म्हणतात, मीसुद्धा.

"बघते ना, तेच तर," दुसरा आवाज इक्बालभाईंचा. इक्बालभाई आमचे सगळ्यात जुने फोर्कलिफ्ट ड्रायव्हर. पनवेलचेच, पण निम्मं आयुष्य गल्फच्या बंदरांवर गेलेलं. "बोलनाऱ्या मानसाचं मला टेन्शन नाय, जना. बघनाऱ्याचं हाय."

"पन माझं काय करायचं ते ही ठरवनार का?"

"ठरवनार ती परदेशी बाई. विचारनार हिला."

"आनि ही काय सांगनार?"

"ही ईमेल करनार."

दोघं हसले. मलाही हसू आलं, कारण ते अगदी खरं होतं. मी कपातला चहा न सांडता उलट्या पावली मागे फिरले.

जनादादांचं काय करायचं, हा प्रश्न त्या आठवड्यात खरोखरच टेबलावर होता. त्यांची सुपरवायझरची जागा जाणार होती. तेवढं सांगून थोडं मागे जाते, कारण माझं काम नेमकं काय, हे माझ्या आईलाही अजून नीट सांगता येत नाही. शेजारणींना ती "एचआरमध्ये आहे, लोकांचे पगार बघते" असं सांगते. पगार मी बघत नाही.

आमची कंपनी नेदरलँड्सची. बंदरातून आलेला माल पनवेलच्या बाहेरच्या आमच्या गोदामात उतरतो, रॅकवर चढतो आणि पुढे देशभर जातो. अशी गोदामं कंपनीची बऱ्याच देशांत आहेत. माणसं सगळीकडची, नियम एक. त्या एका नियमात ही सगळीकडची माणसं बसवायची, आणि कधीकधी माणसांसाठी नियम थोडा सैल करून घ्यायचा, हे माझं काम. वाचायला बरं वाटतं. प्रत्यक्षात ते असं असतं.

आमच्याकडे सुट्टीचा अर्ज मोबाइलवर भरतात. कारण निवडायला एक यादी येते: आजारपण, लग्न, कुटुंबातला मृत्यू. 'लग्न' निवडलं की पुढचा प्रश्न येतो, कोणाचं? स्वतःचं, मुलाचं, भावंडाचं. यादी तिथे संपते. पनवेल-उरणच्या गावांत लग्नाआधीची हळद हाच मोठा सोहळा. अख्खं गाव जागं असतं, आणि हळद चुकवणं म्हणजे नातं तोडण्यासारखं. मे महिन्यात एका दिवशी निम्मा फ्लोअर रिकामा. नेदरलँड्सहून मारलीनचा फोन.

"एवढ्या लोकांच्या भावंडांची लग्नं एकाच दिवशी?"

"एकच लग्न आहे," मी म्हटलं.

"मग हे सगळे नवऱ्या मुलाचे कोण?"

"गाववाले."

तिने ती यादी उघडली. मग म्हणाली, "यादीत 'गाव' टाकू या का?" तिने खरंच टाकलं. आता आमच्या यादीत 'ग्रामसमारंभ' असा एक पर्याय आहे आणि तो बघून पोलंडच्या ऑफिसातल्या एका मुलाने मला विचारलं होतं, की हे आम्हाला का नाही?

मारलीन म्हणजे आशियातल्या सगळ्या गोदामांची प्रमुख. पन्नाशीची, उंच, दुपारी टेबलावरच दोन पाव आणि चीज खाऊन जेवण झालं म्हणणारी. इंग्रजीत आम्ही बोलतो तेव्हा प्रश्न येत नाही, पण मराठीत तिच्याबद्दल सांगताना 'त्या' म्हणावं की 'ती', हे माझं अजून ठरलेलं नाही. तिला विचारलं तर 'ती' म्हण म्हणेल, म्हणून 'ती'.

तिची पहिली पनवेलभेट मला चांगली आठवते. सकाळी सगळे फ्लोअरवर उभे होते. शिफ्ट सुरू व्हायच्या आधी पाच-दहा मिनिटं सगळ्यांना गोल उभं करून सुरक्षिततेबद्दल बोलतात, त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. मारलीनने एका रॅककडे बोट दाखवलं आणि सगळ्यांसमोर जनादादांना सांगितलं की ही मांडणी चुकीची आहे, जड माल वर ठेवलाय. बरोबरच होतं तिचं. दुपारी तिने दादांना स्वतः कॉफी आणून दिली, त्यांच्याशी हसून बोलली, जाताना सगळ्यांसमोर त्यांचं कौतुकही केलं. तिच्या लेखी विषय संपला होता.

दुसऱ्या दिवशी दादा कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले, पण तिच्या दिशेला बघेनात.

"माझं काय चुकलं?" तिने मला विचारलं. तिला खरंच कळत नव्हतं. "मी त्याच्या तोंडावर बोलले. पाठीमागे बोलले असते तर तो अपमान झाला असता."

आणि दादा मला म्हणाले होते, "बाजूला घेऊन चार शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, मॅडम. चारचौघांत नको."

एकीला बाजूला घेऊन बोलणं म्हणजे लपवाछपवी वाटते, दुसऱ्याला चारचौघांत बोलणं म्हणजे कपडे उतरवणं वाटतं. दोघांनाही मान द्यायचा असतो. मला हे दिसतं, कारण मला दुसरं फारसं काही करता येत नाही. लहानपणापासून मी बोलण्यापेक्षा बघते जास्त. नवीन पनवेलच्या इंग्रजी शाळेत मराठी बोललं की बाई रागवायच्या, आणि बिल्डिंगमध्ये इंग्रजी बोललं की मुलं चिडवायची, तेव्हा गप्प बसणं सगळ्यात सोपं होतं. पुढे त्याचीच नोकरी लागली.

पण मीटिंगमध्ये गप्प बसून भागत नाही. तिथे माझं एक ठरलेलं वाक्य आहे: "मी लिहून पाठवते." मीटिंग संपली की मी जागेवर जाऊन जे बोलायचं राहिलं ते नीट, मुद्देसूद लिहून पाठवते. गेल्या वर्षी माझ्या कामाचा आढावा घेताना मारलीन तिच्या पद्धतीने म्हणाली, "तुझ्या ईमेल सगळ्या ऑफिसांत सगळ्यात चांगल्या असतात. फक्त त्या येतात तेव्हा निर्णय झालेला असतो."

मी म्हटलं, लिहून पाठवते. ती इतकी हसली की मलाही हसावं लागलं.

तर आता जनादादा.

आमच्या कामात 'नियर मिस' नावाची एक गोष्ट असते. अपघात होता होता राहिला, की त्याला नियर मिस म्हणतात. फोर्कलिफ्टचा माल उचलायचा दात रॅकला घासून गेला, वरून खोकं पडलं पण खाली कोणी नव्हतं, असं काहीही. कंपनीचा नियम असा की असं घडलं की लगेच मोबाइलवर नोंद करायची. शिक्षा करायला नाही, तर पुढच्या वेळी तो अपघात खरा होऊ नये म्हणून. जगभरातल्या गोदामांतून अशा नोंदी येतात. जास्त नोंदी येणारं गोदाम वाईट धरत नाहीत, जागं धरतात.

पनवेलहून वर्षभरात एकही नोंद गेली नव्हती.

मारलीन या वेळी त्यासाठीच आली होती. ऑफिसच्या काचेतून फ्लोअर दिसतो. खाली फोर्कलिफ्ट पळत होत्या, हॉर्न वाजत होते, ट्रक मागे घेणारे "आन दे, आन दे" ओरडत होते. ती बराच वेळ बघत राहिली.

"एवढं काम, आणि काहीच झालं नाही? एक तर मी फार नशीबवान आहे, नाही तर मला कोणीतरी सांगत नाहीये. मी एवढी नशीबवान कधीच नव्हते."

मी तिच्या शेजारी जाऊन खाली बघायला लागले.

"सुपरवायझर लपवतोय. आणि हे लपवलं तर एक दिवस कोणीतरी मरतं, हे मी एका गोदामात बघितलंय." हे ती नेहमीसारखं ठणकावून बोलली नाही, हळू बोलली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं. "त्याला सुपरवायझरच्या कामावरून काढायचं. भिवंडीच्या आपल्या गोदामात साध्या जागेवर पाठवायचं. उद्या सकाळी टूलबॉक्स टॉकमध्ये मी सांगेन."

"सगळ्यांसमोर?"

"मग कसं? त्याच्या पाठीमागे?"

मी तोंड उघडलं. माझं ते वाक्य ओठांवर आलं होतं. तिने हात वर केला. "लिहून नको पाठवूस. उद्या सकाळपर्यंत वेळ आहे. मी चुकत असेन तर मला सांग."

ही बातमी फ्लोअरवर कशी पोहोचली मला माहीत नाही, पण गोदामात काच असली तरी भिंती नसतात. म्हणून तर चहाच्या सुट्टीत रॅकपलीकडून मी ते संभाषण ऐकलं. भिवंडी कागदावर लांब नाही. पण दादांची जमीन याच भागातल्या प्रकल्पात गेलेली, गावातली अर्धी पोरं त्यांनी शब्द टाकून इथे लावलेली. सगळ्यांसमोर जागा गेली तर दादा भिवंडीला जाणार नाहीत, घरी बसतील, हे मला कळत होतं.

उलट्या पावली फिरले म्हटलं ना, ती अशीच विचारात फिरले. बारा नंबरच्या गल्लीच्या टोकाला आले. दोन रॅकमधल्या वाटेला आमच्याकडे गल्ली म्हणतात. बारा नंबरच्या कोपऱ्यावर त्या दिवशी मालाने भरलेली उंच पॅलेट लावलेली होती, पलीकडचं काही दिसत नव्हतं. हॉर्न वाजला असणार. पण बाहेर ट्रकचाही वाजत होता. मी कोपरा वळले आणि समोर फोर्कलिफ्ट.

ती थांबली. लोखंडाचे दोन दात माझ्या पोटासमोर, हात लावता येईल इतके जवळ. चहा सगळा माझ्या कुडत्यावर.

ड्रायव्हर उडी मारून खाली आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मॅडम, लागलं नाय ना?"

"नाही. काही नाही झालं."

तो अजून काहीतरी बोलणार होता. मी पुन्हा म्हटलं, "खरंच काही नाही झालं," आणि स्वच्छतागृहात जाऊन कुडत्यावर पाणी मारत बसले.

शिफ्ट संपायच्या सुमाराला जनादादा गेटबाहेरच्या टपरीवरून नारळ घेऊन आले. हे मी आधीही पाहिलं होतं. अधूनमधून फ्लोअरवर नारळ फुटायचा, आणि मी समजायचे आज काहीतरी तिथी असेल. मला तिथी कळत नाहीत. दादांनी बारा नंबरच्या कोपऱ्यावर रॅकच्या लोखंडी पायाजवळ नारळ फोडला, पाणी तिथेच शिंपडलं, पायाला कुंकवाचं बोट लावलं. सगळे येऊन खोबऱ्याचा तुकडा घेऊन जात होते. तो ड्रायव्हर आला, त्याने कोपऱ्याला हात जोडले, कान पकडले आणि खाली बघत निघून गेला. इक्बालभाई आले, त्यांनीही खोबरं घेतलं.

मग दादांनी माझ्या हातावर एक तुकडा ठेवला. "घ्या, मॅडम. जागेवाल्यानं सांभाळलं."

खोबरं चावता चावता मी खाली बघितलं. रॅकच्या पायावर कुंकवाची बोटं एकावर एक होती, जुनी, काळपट पडलेली. जमिनीवर तपकिरी डाग होते. असे डाग मी अजून कुठे कुठे बघितले होते ते मला एकामागून एक आठवायला लागलं. लोडिंगच्या उताराजवळ. चार्जिंगच्या खोलीबाहेर. पाच नंबरच्या गल्लीत, जिथे वरच्या रॅकची पट्टी वाकलेली आहे. मला कोणी सांगितलेलं नव्हतं, पण मी बघितलेलं होतं. पनवेलच्या गोदामाची सगळी नोंद होती. ती कंपनीच्या मोबाइलवर नव्हती एवढंच.

बसला अवकाश होता. आमची कंपनीची बस रोडपाली, कळंबोली करत नवीन पनवेलला येते आणि मग विचुंब्याकडे जाते. बसथांब्यावर दादा आणि इक्बालभाई उभे होते. मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले. एरवी मी जरा लांब उभी राहते.

"दादा, हे मोबाइलवर का नाही भरत?"

दादांनी इक्बालभाईंकडे बघितलं. इक्बालभाई म्हणाले, "मॅडम, मी सांगू? गल्फात एका पोराने असाच फॉर्म भरला. चांगला फॉर्म होता, इंग्लिशमध्ये. दुसऱ्या हप्त्याला तो पोरगा विमानात. घरी." त्यांनी हाताने विमान उडवून दाखवलं. "मी तवापासून मशिदीच्या डब्यात सदक्याचे चार पैसे टाकतो, आनि गाडी हळू चालवतो. फॉर्म नाय भरत."

"पण आपल्याकडे तसं नाही. नोंद केली म्हणून कोणाला काढत नाहीत."

"तुमी म्हनता. फॉर्म काय म्हनतो?" दादा म्हणाले. "पहिलाच सवाल, नाव काय. मी त्या पोराचं नाव घालू? त्याची आई माझे गावची, मॅडम. मला रोज दिसते. ती मला विचारनार नाय. पन दिसनार तर रोज."

मग जे मनात होतं तेच बाहेर आलं, फार हळू. "पण दादा, नारळ किती वेळा फुटला तिथे? कोपरा काही मोठा झाला नाही."

दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी पुढे बोलले, कारण आता थांबणं जास्त अवघड होतं. "आज मी होते. लागलं असतं तर?"

दादांचा चेहरा उतरला. ते रस्त्याकडे बघत राहिले. तिकडेच बघत म्हणाले, "रातभर झोप येनार नाय मला, म्हाईत हाय?" आणि मग, जरा थांबून, "बोलता हाय की तुमी."

"जरा जरा," इक्बालभाई म्हणाले.

बसमध्ये खिडकीशी बसून मी मोबाइलवर मारलीनला ईमेल लिहायला घेतली. इंग्रजी मला सोपं जातं. नारळ म्हणजे काय, जागेवाला म्हणजे काय, प्रत्येक जागेला तिची राखण करणारा असतो असं इथे मानतात, वगैरे. कळंबोलीपर्यंत छान चाललं होतं. मग वाचून बघितलं. हुशार, मुद्देसूद, आणि एखाद्या संग्रहालयातल्या पाटीसारखं. मारलीन ते वाचून म्हणाली असती, 'फार रंजक आहे', आणि दादांना भिवंडीला पाठवलं असतं. शिवाय तिचंही खरंच होतं. नारळाने तिथला धोका कोणालाच कळवला नव्हता, उलट सगळ्यांचं मन शांत करून घरी पाठवलं होतं. आणि दादांचंही खरं होतं. नारळ जागेचा असतो. तो फोडताना कोणी विचारत नाही की चूक कोणाची. ज्याला कळायचं त्याला कळतं, तो कान पकडतो आणि दुसऱ्या दिवशी मान वर करून कामाला येतो. फॉर्म मात्र आल्या आल्या माणसाचं नाव मागतो. एकाला जागा दिसत होती, दुसरीला माणूस, आणि दोघांनाही एकच अपघात टाळायचा होता.

नवीन पनवेल आलं तेव्हा मी ईमेल पुसून टाकली. घरी आईने कुडत्यावरचा डाग बघून विचारलं, "काय सांडलं?" मी म्हटलं, चहा. ती म्हणाली, "बघत चालत जा." आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी मला कमी बघते म्हणून बोललं.

पुढे काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण शेवटी मला फक्त सकाळचं सांगायचंय.

जनादादा आजही आमचे सुपरवायझर आहेत. मारलीनने त्यांना सुनावलं, चांगलंच सुनावलं, पण ऑफिसचं दार लावून. बाहेर येऊन दादा म्हणाले, "बाई शिव्या चांगल्या देते. भाषा कळली नाय, पन मनापासून होत्या." मारलीन मला म्हणाली की बंद दारामागे बोलताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं. दोघांनी एकेक पाऊल मागे घेतलं होतं, आणि दोघांनाही ते टोचत होतं, यात मला फार समाधान वाटलं.

पनवेलचा फॉर्म बदलला. आता पहिला प्रश्न 'कुठे?' आहे. दुसरा 'काय लावलं, हलवलं किंवा दुरुस्त केलं तर पुन्हा होणार नाही?' नावाचा रकाना नाही. दादा जागेवर उभे राहून मोबाइलमध्ये मराठीत बोलतात आणि ते लिहिलं जातं. सुरुवातीला पनवेलहून इतक्या नोंदी गेल्या की नेदरलँड्सहून विचारणा आली, तिकडे एकदम काय झालंय? मारलीनने एका ओळीत कळवलं: काही झालेलं नाही, आता कळायला लागलंय. हा फॉर्म पुढे मनिलाच्या गोदामाने मागून घेतला. तिथल्या मुली मीटिंगमध्ये माझ्यासारख्याच गप्प असतात. त्यांच्याशी माझं छान जमतं. आम्ही एकमेकींना लिहून पाठवतो.

एक गोष्ट मात्र हळूहळू कमी झाली. मोबाइलमध्ये बोलून झालं की माणसाला वाटतं, काम झालं. आता कोपऱ्यावर सगळे जमत नाहीत, तुकडा वाटला जात नाही. नोंद येते, पण ज्याच्या हातून घडलं तो एकटाच घरी जातो. हे मी मारलीनलाही बोलून दाखवलं. तिने विचारलं, नारळाचा खर्च कुठल्या खात्यात टाकायचा? अजून आम्ही ठरवतोय. तोवर दादा स्वतःच कधीतरी आणतात.

आता ती सकाळ.

सगळे गोल करून उभे होते. पिवळी जाकिटं, हेल्मेटं, कोणाच्या हातात अर्धवट वडापाव. जनादादा एरवी मध्ये उभे राहतात, त्या दिवशी कडेला होते, इस्त्रीचा शर्ट घालून. असं काही ऐकायचं असलं तरी माणूस नीट कपडे करून येतो. मारलीन पुढे झाली. तिने माझ्याकडे बघितलं, थोडं थांबली. मी रात्री काही कळवलं नव्हतं. माझी संधी संपली असं तिला वाटलं असणार. तिने बोलायला तोंड उघडलं.

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. कशाला केला कोण जाणे, तिथे हात वर करायची पद्धत नाही. पण तो वर गेला, आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, आणि मग खाली घेता येईना. इक्बालभाईंच्या शेजारी तो ड्रायव्हर उभा होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही, हे मुद्दाम सांगते. तो कोण हे मी इथेही लिहिणार नाही.

इंग्रजी वाक्य तयार होतं, रात्रभर घोटलेलं. ते आलंच नाही. मारलीनला नंतर, तिने दादांचा विषय काढायच्या आधी, इंग्रजीत सांगितलं, नारळासकट. आधी ज्यांच्यासमोर सांगायचं होतं त्यांच्या भाषेत आलं.

"मला एक नियर मिस सांगायचाय. काल चहाच्या सुट्टीत, बारा नंबरच्या गल्लीच्या कोपऱ्यावर, मी फोर्कलिफ्टखाली येता येता वाचले. पॅलेट उंच लावली की तिथे पलीकडचं दिसत नाही, मला नाही, ड्रायव्हरलाही नाही. गाडी कोण चालवत होतं ते मला विचारू नका. तिथे आरसा लावा."